थर्लोची पिपाणी

आमच्या कॅम्पाच्या भिंतीवर एकशे बारा शेपट्या आहेत. हरणांच्या नाहीत, शर्टांच्या. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची बाजू कापायची, त्या चिंधीवर नाव आणि तारीख लिहायची आणि शेगडीच्या वरच्या भिंतीवर खिळा ठोकून लावायची, हा आमच्या डोंगरातल्या शिकारी कॅम्पांचा नियम. कापताना कुणी दयामाया दाखवत नाही. माझ्या चौदा आहेत. त्यातली एक वाढदिवसाला बायकोने दिलेल्या शर्टाची आहे, आणि त्यावरून तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थर्लोची एकही नव्हती. थर्लो म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. एक्केचाळीस वर्षं, दर नोव्हेंबरात, शिकारीच्या मोसमात, तो या कॅम्पावर आला आणि एकदाही त्याच्या शर्टाला कात्री लागली नाही. ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. सकाळी पॅनकेक उलटताना आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा, शर्ट मुद्दाम पँटीच्या बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "एल्डन, नीट बघून घे. अख्खा शर्ट असा दिसतो."

मी लहान होतो तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या या भागात कायोटी नव्हता. पहिला कुणीतरी मारला तेव्हा दुकानासमोर ट्रकच्या बॉनेटवर आडवा टाकला होता, आणि शाळा सुटल्यावर आम्ही पोरं तो बघायला धावलो. कुत्रा म्हणावा तर तोंडावळा कुत्र्याचा नाही, लांडगा म्हणावा तर तेवढं अंग नाही. वाट चुकून पश्चिमेकडून आला असेल, असं म्हातारे म्हणाले. आता डोंगराच्या प्रत्येक धारेवर एक जोडा आहे. दोघंच ओरडले तरी दहा जण असल्यासारखे वाटतात. जितके माराल तितकी पुढच्या वर्षी त्यांना पिल्लं जास्त होतील, असं वनखात्याचा एक तरुण माणूस सांगून गेला होता. थर्लोने त्याला कॉफी पाजली, केक दिला आणि त्याचं एक अक्षर ऐकलं नाही.

हरणं एकदम नाहीशी झाली नाहीत. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात हरिण्या दिसायच्या, पण सप्टेंबरात त्यांच्या मागे पाडस दिसेना. मग चार-पाच वर्षांत हरिण्याही विरळ झाल्या. गेल्या दोन नोव्हेंबरांत आमच्या कॅम्पावरून एकही गोळी सुटली नाही. भिंतीवर नवी चिंधी नाही, कारण नेम चुकायलाही समोर हरीण लागतं. आम्ही पाच जण होतो, त्यातले तिघे यायचे बंद झाले. उरलो थर्लो, मी आणि थर्लोची मुलगी नडीन. नडीन शाळेची बस चालवते, आणि तिच्या बापाइतकाच तिचा नेम पक्का आहे.

थर्लोने यावर उपाय काढला तो पिपाणीचा. अख्खा एक हिवाळा त्याने अक्रोडाच्या लाकडाचे तुकडे कोरण्यात घालवला. माझी बहीण गेल्यावर आठवण म्हणून ठेवलेलं तिचं शिवणकामाचं टेबल भुशाने भरून गेलं. फेब्रुवारीत एका सकाळी त्याने पिपाणी ओठांना लावली आणि माझ्या हातातला कप निसटला. तीन हाका होत्या. पहिली लांब, दुसरी मध्येच तुटलेली, आणि तिसरी मानेत दात रुतल्यावर येईल तशी. एवढंसं पाडस मरताना जसं ओरडतं, अगदी तसं.

"ही ऐकली की कायोटी थांबतोय होय?" थर्लो म्हणाला. "आयतं जेवण म्हणून धावत येईल, आणि आपण वाट बघत बसलेले असू."

आमच्याकडे जूनच्या सुरुवातीला पाडसं जन्मतात. हरिणी पाडसाला नेच्यांच्या गर्दीत लपवून चरायला जाते आणि ते दिवसभर हालत नाही, आवाज करत नाही, त्याच्या अंगाला वासही नसतो. अशा दिवसांत, लागोपाठ तीन वर्षं जूनमध्ये, आम्ही दोघे टॅनर घळीतल्या मोठ्या दगडाला पाठ लावून बसलो. थर्लो पिपाणी वाजवायचा, मी रायफल धरायचो.

कायोटीच्या आधी नेहमी हरिणी यायची. कुणाचीही असो, पाडसाची हाक ऐकली की ती झाडं मोडत धावत सुटायची आणि आमच्यापासून दहा पावलांवर येऊन उभी राहायची. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, कास दुधाने तटतटलेली. पाय आपटायची, पण जायची नाही. थर्लोला तिची दया यायची. टोपीला हात लावून तो हळूच म्हणायचा, "जा बाई, जा. तुझं नाही ते."

मग कधी तिच्यामागून कायोटी यायचा आणि मी त्याला टिपायचो. त्या तीन वर्षांत आम्ही अकरा मारले. पण बऱ्याच सकाळी हरिणीनंतर कुणीच यायचं नाही. तेव्हा आम्ही सँडविच खाऊन, एकमेकांना नावं ठेवत परत यायचो. त्या सकाळींचा आम्ही कधी विचार केला नाही. दरवर्षी त्या दगडाच्या आसपास कायोटीच्या विष्ठेत चिमुकल्या खुरांचे तुकडे जास्त जास्त सापडायला लागले. थर्लो काडीने ते उकरून मला दाखवायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. बघ, किती खातात मेले, म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर निघायचा.

तिसऱ्या जूननंतर त्याची फुप्फुसं बिघडली. या जानेवारीत तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरच झोपायला लागला, आडवं झालं की श्वास पुरत नसे. त्याच्यामागे पिपाणी तशी कुणाला वाजवता येणार नाही, म्हणून नडीनने एका दुपारी त्याची हाक फोनवर घेतली. आधी खुर्ची करकरते, मग थर्लो मोठा श्वास आत ओढतो, मग तीन हाका, आणि तिसरी संपली की तो खोकतो. खोकला काढून टाकू का, असं तिने विचारलं होतं. राहू दे, तो म्हणाला, कायोटीला काय कळतंय.

त्या दिवशी ती बाहेर गेल्यावर त्याने माझं मनगट धरलं. "एल्डन, या जूनला तू बस. पाडसं जगली पाहिजेत. या नोव्हेंबरात पोरीला हरीण दिसलं नाही तर ती कॅम्प विकेल. मी तिला बोल लावणार नाही. पण ते होऊ देऊ नकोस."

मी शब्द दिला. दोन आठवड्यांनी तो गेला.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. समोरच्या धारेवरच्या कॅम्पाचा म्हातारा ग्रोव्हर क्रेसलर हातात हॅम आणि बटाट्याच्या सॅलडची बशी घेऊन नडीनकडे आला आणि म्हणाला, त्याची ती हाक मला देशील का गं? त्याचं ऐकून दुसऱ्याने मागितली, मग तिसऱ्याने. शेवटी नऊ कॅम्पांना तिने बापाची हाक वाटली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसताना दिसली. मलाही बरं वाटलं. आता प्रत्येक घळीत थर्लो पाडसांची राखण करणार, असं मीच सगळ्यांसमोर म्हणालो.

जूनच्या चौथ्या तारखेला, उजाडल्यावर, मी एकटा दगडापाशी गेलो. पिपाणी खिशात होती, पण माझ्या तोंडून तिच्यातून बदकासारखा आवाज निघतो. म्हणून मी नडीनच्या फोनवरची हाक भरलेला, ती मोठ्याने वाजवणारा डबा आणला होता. तो तीस पावलांवर नेच्यांत ठेवला, दगडाला पाठ लावली आणि हातातलं बटण दाबलं.

खुर्ची करकरली. थर्लोने श्वास घेतला. डबा सगळंच मोठं करतो, त्यामुळे तो श्वास अख्ख्या घळीने घेतल्यासारखा वाटला. माझ्या अंगावर काटा आला. मग तीन हाका, मग खोकला. मी बटण बंद केलं आणि नकळत शेजारी बघितलं, जिथे तो बसायचा तिथे.

हरिणी आली. एकच आली, आणि समोरच्या उतारावरून सरळ धावत आली. डब्यापाशी थांबली, त्याचा वास घेतला, मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, जा बाई, तुझं नाही ते. ती हलली नाही. मी रायफल उचलून तिच्या मागची वाट न्याहाळत बसलो.

तेव्हा तो दिसला. वर, उतारावर, राखी-तांबूस पाठीचा कायोटी. इतकी वर्षं मी त्याला आवाजाच्या दिशेने शोधत होतो. त्याने आवाजाकडे मान वळवूनही बघितलं नाही. नाक जमिनीला लावून तो हरिणी जिथून आली होती तिकडे, तिच्या पावलांवरून उलटा चालला होता. घाई नव्हती त्याला. रोजच्या कामाला निघालेल्या माणसासारखा चालत होता.

मला कळायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. समजलं ते आधी हातांना, रायफल आपोआप त्याच्याकडे वळली. मी गोळी झाडली. ती त्याच्या पुढच्या खडकाला लागली. तो नेच्यांत शिरला.

आणि हाक आली. लांब, मग तुटकी, मग तिसरी. मला वाटलं डबा पुन्हा सुरू झाला. मी बटणाकडे बघितलं, ते बंद होतं. तरीही मी खोकल्याची वाट बघत राहिलो. देवाशपथ सांगतो, मी थर्लोच्या खोकल्याची वाट बघत होतो. खोकला आला नाही. हरिणी गर्रकन वळली आणि उतार चढायला लागली, आणि तिच्यामागे मीही, अडुसष्ट वर्षांचा माणूस, रायफल टाकून धावत सुटलो.

वर पोचलो तेव्हा नेचे दबलेले होते, एक ओली जागा होती, तिथे पांढऱ्या ठिपक्यांचे केस चिकटले होते. हरिणी त्या जागेभोवती फिरत होती. मी तिथे होतो याची तिला पर्वाही नव्हती.

मी खाली बसलो. गेल्या तीन वर्षांतल्या जूनच्या त्या सगळ्या सकाळी एकेक करून आठवल्या, ज्या दिवशी हरिणी आली आणि मागून कुणी आलं नाही. आमच्या मागे झाडीत कायोटी उभे असणार. पाडसाला वास नसतो, ते हालत नाही, कायोटीला ते सापडता सापडत नाही. आम्ही आईला बोलावून घ्यायचो आणि ती कुठून आली ते त्यांना दाखवायचो. जे अकरा आम्ही मारले ते अडाणी होते. शहाणे शिकले, आणि त्यांनी पिल्लांना शिकवलं. पाडसं वाचवायचा थर्लोने घेतलेला वसा थर्लोनेच मोडला होता, रोज पहाटे उठून, फुप्फुसं फाटेपर्यंत.

कुणाला सांगायचंच नाही, असा विचार मनात आला, हे कबूल करतो. तो मेला, सुखाने मेला. पण नऊ घळींत त्याची हाक पोचली होती, आणि ती मीच वाखाणली होती.

दुपारी मी नडीनकडे गेलो. शाळेचा शेवटचा आठवडा होता. ती अंगणात बसच्या चटया धूत होती. तिने माझे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले पाय बघितले आणि ओळखलं.

"मामा, चुकला ना नेम? थांब, कात्री आणते."

"चुकला. कात्री नंतर. आधी नळ बंद कर आणि बस."

मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ती ऐकत होती, हातातली चटई पिळत होती. चटईतून पाणी निघायचं थांबलं तरी पिळत होती.

"म्हणजे बाबांनी मारली ती पाडसं," ती म्हणाली.

"त्याने आणि मी."

"शेवटच्या जूनला बाबांना दगडापर्यंत चढता येत नव्हतं. दर वीस पावलांना थांबायचे. मी म्हटलं नका जाऊ, तर म्हणाले, लहान जीव आहेत गं."

"मला माहीत आहे, बाळा. मीच त्याच्या काखेत हात घालून नेत होतो."

"तुला चुकीचं दिसलं असेल. एकदाच बघितलंस तू."

"एकदाच बघितलं. तुला वाटत असेल तर उद्या चल, पुन्हा बघू. पण त्यासाठी पुन्हा हाक वाजवावी लागेल."

ती उठली, आत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं आता ती मला घरात घेणार नाही. मग दार उघडलं. तिच्या हातात ट्रकची किल्ली होती, आणि डोळे लाल होते.

"मी नऊ जणांना दिलीय, मामा," ती म्हणाली. "चल."

तीन दिवस आम्ही घळीघळींतून फिरलो. हे काम सोपं नव्हतं. मेलेल्या माणसाची आठवण पुसून टाका, असं त्याच्या मुलीने दारात उभं राहून सांगायचं. एकाने आम्हाला सरळ वेड्यात काढलं, पण शेवटी पुसली. एकाने हाक पुसली आणि मग खाली बसून डोक्याला हात लावला, कारण त्यानेही ते नेचे दबलेले बघितले होते आणि त्याचा अर्थ लावला नव्हता. आठ कॅम्प झाले. शेवटी ग्रोव्हर राहिला.

ग्रोव्हर ओसरीवर कॉफी घेऊन बसला होता. त्याने दोन वर्षांपूर्वीच शिकार सोडली होती, डोळ्यांना दिसत नाही म्हणून. मी म्हटलं, मग तू ती हाक कशाला घेतलीस? तो ओशाळला.

"सकाळी वाजवतो," तो म्हणाला. "कॉफीबरोबर. तो शेवटी खोकतो ना, तेव्हा वाटतं, आता मला शिव्या घालणार. पन्नास वर्षं त्याच्या शिव्या खाल्ल्यात रे मी. घर सुनं वाटतं."

"रोज वाजवतोस?" नडीनने विचारलं.

"रोज. आणि गंमत सांगू का, एक हरिणी येते बघ. रोज कुंपणापाशी येऊन उभी राहते. मला दिसत नाही नीट, पण असते ती. मला वाटायचं तिलाही थर्लो आवडतो." तो थांबला. "पण या चार दिवसांत आली नाही."

नडीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा कितीतरी मायेने. म्हाताऱ्याने निमूटपणे फोन तिच्या हातात दिला. तिचं बोट त्या हाकेवर थांबलं. तिच्या स्वतःच्या फोनमधली आणि माझ्या डब्यातली तिने पहिल्याच दिवशी पुसली होती. म्हणजे ही शेवटची.

तिने ती वाजवली. खुर्ची करकरली. थर्लोने श्वास घेतला. आणि हाक सुरू व्हायच्या आत तिने बोट दाबलं. पुन्हा वाजवली, पुन्हा तिथेच थांबवली. श्वास तेवढा ऐकला, दोनदा. मग पुसून टाकली आणि फोन ग्रोव्हरला परत दिला. मी दुसरीकडे तोंड फिरवून उभा होतो, कारण मला रडू आवरत नव्हतं.

तिथून आम्ही आमच्या कॅम्पावर गेलो. दुपार कलली होती. नडीनने मागच्या सीटवरून एक कागदी पिशवी काढली. तिच्यात थर्लोचा लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरी शर्ट होता, जो घालून तो आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा.

"तू काप," ती मला म्हणाली.

"मी नाही कापणार. एक्केचाळीस वर्षं जपलाय त्याने तो."

"म्हणूनच कापायचा. नियम आहे ना? ज्याचा नेम चुकला त्याचा." तिने शर्ट टेबलावर पसरला. "बाबांनीच पाळायला लावलाय तो नियम. माझी कापली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. रडले होते, तरी कापलीच होती त्यांनी."

तिने स्वतःच कात्री चालवली. लोकर जाड होती, कात्री दोनदा अडकली. मग तिने शेगडीतला कोळसा घेऊन चिंधीवर लिहिलं, थर्लो, आणि त्याखाली पिपाणी वाजवली ती तीन वर्षं. मी माझ्या अंगातल्या शर्टाची पाठ तिच्यासमोर केली आणि तिने तीही कापली. थंड वारा कमरेला लागला. दोन्ही चिंध्या शेजारी शेजारी धरून तिने ठोकल्या. आता पाडसं वाचतील, ती म्हणाली, या नोव्हेंबरात नाही तर पुढच्या. कॅम्प मी विकत नाही.

शेवटचा खिळा अर्धा आत गेला असेल, तेव्हा बाहेरून हाक आली.

लांबून, पलीकडच्या धारेवरून, जिथे आमच्या ओळखीचा एकही कॅम्प नाही. पहिली लांब. नडीनचा हात हवेतच राहिला. दुसरी, मध्येच तुटलेली. खाली घळीत कुठेतरी फांद्या मोडल्या, एक हरिणी धावत निघाली होती. तिसरी हाक आली आणि संपली. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत होतो, श्वास रोखून. खरं पाडस असेल तर ते आत्ता मेलं. त्या क्षणी मी देवाकडे काय मागत होतो ते मलाच माहीत नव्हतं.

मग धारेवरून थर्लो खोकला.

नऊ जणांपैकी कुणीतरी ती पुढे कुणाला तरी दिली होती. त्याने आणखी कुणाला दिली असेल, कोण जाणे. नडीनने हातोडी शेगडीवर ठेवली, खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि दाराकडे निघाली.

"चल, मामा," ती म्हणाली. "बाबा तिकडे आहेत."